अर्थाचा अनर्थ: जुन्या किट कारचं वायरिंग नव्याने कसं करावं

किट कार हे खास ब्रिटिश वेड. तयार मोटारीवर तिथे परचेस टॅक्स लागायचा, घरी जोडायच्या सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून हौशी मंडळी खोकी घरी आणून गॅरेजमध्ये गाडी जोडत. १९५७ सालची लोटस सेव्हन अशीच बऱ्याच घरांत उभी राहिली. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली, वेड मात्र राहिलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल काढून त्यावर फायबरग्लासची बॉडी चढवलेल्या गाड्या इंग्लंडात भरपूर झाल्या.

माझी त्यातलीच एक. इथे इंग्लंडात नोकरी करता करता घेतली, तेव्हा मी तिचा चौथा की पाचवा मालक. डॅशबोर्डखाली हात घातला तर टेबललॅम्पची वायर, स्पीकरची वायर आणि वितळून चिकट झालेल्या टेपचा गोळा हाती लागला. अशा गाडीत जुनं वायरिंग दुरुस्त करत बसू नका. सगळं काढा.

काढण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चॅसीच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते. गाडी साठच्या दशकातली किंवा तिचे भाग त्या काळातले असतील तर ती पॉझिटिव्ह अर्थ आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्या. तेव्हाच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असे. तशी असेल तर सोडवण्याचा क्रम उलटा.

मग फोटो, आणि प्रत्येक टोकाला कागदी टेपची चिठ्ठी. चिठ्ठीवर वायरचा रंग लिहू नका, ती कुठून कुठे जाते ते लिहा. चाळीस वर्षांत रंग उडालेले असतात, आणि आधीच्या मालकाने हाताला लागेल ती वायर वापरलेली असते. जुना हारनेस, म्हणजे वायरींची सगळी जुडी, शक्यतो अखंड बाहेर काढा आणि प्लायवूडवर पसरून खिळ्यांनी आकार धरा. लांब्या त्यावरूनच मिळतात. मात्र त्याची हुबेहूब नक्कल करू नका, नाहीतर जुन्या चुकाही नव्या वायरीत येतील.

आधी लोखंड, मग वायर

वेल्डिंग आणि रंग वायरिंगच्या आधी संपवा. चॅसीचे चौकोनी पाइप आतून गंजतात. हातोडीने ठोकत जा, आवाज बद्द आला तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. बॉडीवरच्या चांदणीसारख्या चिरा वरून पुटीने भरल्या तर वर्षभरात पुन्हा दिसतात. मागच्या बाजूने ग्लास मॅट आणि रेझिन लावा, घासताना मास्क घाला. बॉडीबद्दल एवढंच, कारण खरी मारामारी वायरिंगशी आहे.

चित्र तुमचं तुम्ही काढा

एस्कॉर्टचा वायरिंग डायग्राम बाजारात मिळतो, पण तुमची गाडी एस्कॉर्ट नाही. मोठा कागद घ्या. बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर, चावीचा स्विच, फ्यूज बॉक्स, मग एकेक दिवा. प्रत्येक सर्किट वेगळं काढा आणि शेजारी त्याचा करंट लिहा. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. त्याला २ चौरस मिलिमीटरची थिनवॉल (पातळ आवरणाची) वायर आरामात पुरते, ती २५ अँपिअरपर्यंत चालते. फ्यूज १५ अँपिअरचा घाला. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. तो वायरच्या क्षमतेपेक्षा नेहमी कमी हवा.

इथे एक खड्डा आहे. जुन्या काचेच्या ब्रिटिश फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज उडण्याचा. सतत चालण्याची त्याची क्षमता जेमतेम १७. तोच आकडा बघून नवा ३५ चा ब्लेड फ्यूज घातला, तर आधी वायर जळेल, मग फ्यूज.

रंग ब्रिटिश पद्धतीचेच ठेवा, पुढच्या माणसाला दुवा द्यायला जागा राहते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. हेडलाइट आणि हॉर्नला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. त्याच्या टोकांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीकडची वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ कॉइलला. जुन्या डिपर स्विचवरचा भार उतरतो आणि प्रकाशही वाढतो.

जोड

पुण्याच्या नाना पेठेत ज्याला थिंबल म्हणतात, ते वायरच्या टोकाला चेपून बसवायचं धातूचं टोक इथे दहा मापांत मिळतं, पण पकड चांगली नसेल तर सगळी मापं व्यर्थ. रॅचेटचा क्रिंपर घ्या, साध्या पकडीने चेपू नका. दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा. निघाली तर आत्ताच निघू दे. झाळलेला जोड दिसतो छान, पण कथील जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) घालाच.

आणि अर्थ

स्टीलच्या गाडीत दिवा बॉडीला स्क्रूने आवळला की त्याचा परतीचा रस्ता तयार. फायबरग्लासमधून करंट जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, टाकीतल्या पेट्रोलच्या फ्लोटला स्वतःची काळी वायर हवी. पुढे एक आणि मागे एक अशा दोन जागी त्या एकत्र आणा, चॅसीवर बोल्टने आवळा आणि तिथून एक जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल तर बल्ब बदलू नका. त्या दिव्याची अर्थ सुटलेली आहे आणि करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय.

हे सगळं माहीत असूनही मी फसलो. चॅसीला नवा कोरा रंग, चकचकीत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलं, चावी फिरवली. सेल्फ म्हाताऱ्यासारखा एकदा कण्हला आणि थांबला. बॅटरी उतरली असेल म्हणून पुन्हा फिरवली. या वेळी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर आला. इंजिन ते चॅसी ही अर्थची पट्टी मी नव्या रंगावरच आवळली होती आणि रंग करंट सोडत नाही. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतायला वाट शोधत होता, त्याला ती बारीकशी केबल सापडली. तेव्हापासून अर्थच्या प्रत्येक जागी पॉलिश पेपरने धातू उघडा करतो, दातेरी वॉशर घालतो, आवळून झालं की वरून ग्रीस लावतो.

पहिल्यांदा करंट सोडताना

सगळे फ्यूज काढा आणि सगळे स्विच बंद. बॅटरीची पॉझिटिव्ह केबल थेट जोडू नका, मध्ये २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण जळेल काहीच नाही. बल्ब विझलेला राहिला तर एकेक फ्यूज घाला आणि प्रत्येक वेळी बल्बकडे बघा. चावी मात्र सेल्फपर्यंत फिरवू नका. मग बल्ब काढून थेट जोडा, दिवे लावा आणि मल्टिमीटर हातात घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पेटलेल्या दिव्याच्या अर्थवर. आकडा ०.२ व्होल्टच्या खाली हवा. जास्त दिसला तर ती जागा पुन्हा घासा.

एमओटी, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागायला हवेत. एलईडी बल्ब घातले असतील तर जुना फ्लॅशर भार कमी मिळाल्याने भलताच नाचतो किंवा गप्प बसतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला. ते सर्किटचं चित्र स्वच्छ काढून लॅमिनेट करा आणि सीटखाली ठेवा. माझ्याकडे आधीच्या मालकाची एवढीच वस्तू आली: डॅशबोर्डमागे पेन्सिलीने लिहिलेलं ‘ही ओढू नका’. कुठली, ते आजवर कळलेलं नाही.