अतिपातळ थरांचं रासायनिक चित्रण: या चुका टाळा

एएफएम-आयआर म्हणजे सूक्ष्मदर्शकाची बारीक सुई आणि अवरक्त लेसर वापरून पदार्थ ओळखायची पद्धत. तिच्या चित्रात एखादा भाग उजळ दिसला की तिथे तो पदार्थ जास्त आहे, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थर २०-३० नॅनोमीटरचा असेल तर ही घाई हमखास फसवते. या पद्धतीत आपण प्रकाश मोजतच नाही. लेसरचं स्पंदन शोषून नमुना तापतो, किंचित फुगतो आणि सुईला धक्का देतो. आपण मोजतो तो धक्का. तो कमीजास्त व्हायला रसायनाखेरीज बरीच कारणं असतात.

सगळ्यात मोठं कारण अनुनादाचं. पातळ थराचा संकेत क्षीण, म्हणून लेसरची स्पंदनं कॅन्टिलिव्हरच्या (सुई बसवलेल्या लवचीक पट्टीच्या) अनुनादाशी, म्हणजे ती सर्वांत जोरात थरथरते त्या वारंवारतेशी, जुळवतात. पण सुई कडक पॉलिस्टायरीनवरून मऊ रबरावर गेली की अनुनाद सरकतो, जुळणी सुटते आणि रसायनाशी संबंध नसलेला फरक चित्रात उमटतो. फेज-लॉक लूप, म्हणजे सरकत्या अनुनादामागे लेसरची स्पंदनं आपोआप नेणारी सोय, चालू ठेवाच. शिवाय दोन तरंगसंख्यांना (एका सेंटीमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा बसतात तो आकडा) चित्रं घेऊन भागाकार करा. आणि माझ्या मते सर्वांत खरी परीक्षा ही: कोणताच घटक शोषत नाही अशा तरंगसंख्येवरही तीच नक्षी दिसते का पाहा. दिसली, तर ती रासायनिक नाही. भागाकारापूर्वी उंचीच्या चित्रांवरून दोन्ही चित्रं जुळवून घ्या. मधल्या वेळात नमुना सरकलेला असतो आणि कडांना खोटी झालर येते.

वर्णपटात, म्हणजे तरंगसंख्येनुसार काढलेल्या संकेताच्या आलेखात, १२६० प्रति सेंटीमीटरजवळ टोकदार शिखर दिसलं तर आधी सिलिकॉन तेलाचा संशय घ्या. सुया ज्या जेलच्या डबीत येतात, तिथूनच ते सुईला लागतं. नमुन्याआधी कोऱ्या सोन्यावर वर्णपट घ्या. शिखर तिथेही असेल तर सुई बदला.

काच १००० ते १२०० च्या पट्ट्यात स्वतःच जोरात शोषते, म्हणून तिथली शिखरं हवी असतील तर काचेवर थर देऊ नका. सोन्याचा पाया आणि सोन्याचा मुलामा दिलेली सुई यांनी संकेत वाढतो, पण मुख्यतः पृष्ठभागाला लंब कंपनांचा. कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या गटाचं) १७३० चं शिखर लहान दिसलं, तर तो गट कमी असेल किंवा नुसता आडवा पडलेला असेल.

१४०० ते १९०० मधल्या बारीक काटेरी रेषा बहुधा हवेतल्या बाष्पाच्या असतात. यंत्रात कोरडा नायट्रोजन सोडा.

लेसरची शक्ती शेवटी वाढवा, तीही पायरीपायरीने. शक्ती दुप्पट केल्यावर संकेत दुप्पट झाला नाही तर थांबा, आणि त्याच जागेचं उंचीचं चित्र पुन्हा घेऊन थर वितळला नाही ना ते पाहा.