स्वातंत्र्यावर लिनोकट करायचा असेल तर

लिनोकट म्हणजे लिनोलियमचा (लिनोचा) सपाट तुकडा कोरून, त्याला शाई लावून कागदावर घेतलेला छाप. माझ्या छापाचित्रांच्या वर्गात ‘स्वातंत्र्य’ विषय दिला, की पहिल्या कागदावर हमखास येतात त्या तीन गोष्टी: तुटलेली बेडी, उडणारं कबूतर, तिरंगा. त्या मी बाजूला ठेवायला लावते. आधी एक वाक्य लिहा, त्यात करायची किंवा न करायची एकच गोष्ट हवी. एकीनं लिहिलं, ‘रात्री साडेदहाला टपरीवर एकटीनं चहा प्यायचा.’ दुसऱ्यानं, ‘वडिलांच्या दुकानात बसायचं नाही.’ हे कोरता येतं.

आता काय कोरून काढायचं ते ठरवा. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला शाई घेतो. चित्रकार नंदलाल बोस यांचा 1930 चा ‘बापूजी’ हा लिनोकट बघा. दांडीयात्रेच्या काळातले गांधीजी, हातात काठी, काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषा. बस, एवढंच. छापाचित्रकार झरीना हाश्मींनी 2001 च्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या वुडकटमध्ये, म्हणजे लाकूड कोरून घेतलेल्या छापात, नेमकं उलट केलं: फाळणीची रेषा तशीच ठेवली आणि भोवतालचं लाकूड कोरून काढलं. त्या अलिगढच्या; कुटुंब पुढे कराचीला गेलं. रेषेभोवती हत्याराचे ओरखडेही छापले गेलेत, आणि मला तर चित्राचा जीव त्यातच दिसतो.

टपरीवरच्या चहाचं वाक्य लिहिणारीला मी बोसांची वाट सुचवली. रात्र आयती काळी मिळते, कोरायचा तो फक्त दिवा, ग्लास आणि ती. दुकानवाल्यानं रिकामी खुर्ची काळी ठेवून बाकी सगळं दुकान कोरून टाकलं. मनगट भरून आलं त्याचं, पण चित्र जमलं.

छाप उलटा येतो, म्हणून ट्रेसिंग पेपर पालथा घालून कार्बननं चित्र उतरवा. पाटीवरची अक्षरं आरशात तपासा; ‘चहा’चा काना चुकीच्या बाजूला गेला की नवा तुकडा घ्यावा लागतो. लिनो कडक असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवा. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे. वळणावर हत्यार नाही, लिनो फिरवा.

शाई काचेवर पातळ लाटा, रोलरखाली बारीक चरचर ऐकू आली की पुरे. प्रेस नसेल तर कागदाच्या पाठीवरून स्टीलचा चमचा घासा, मधूनच एक कोपरा उचलून बघा. पहिल्या प्रूफवर, म्हणजे चाचणीच्या छापावर, पांढरं कमीच वाटू दे, नंतर वाढवता येतं. प्रती दोरीवर चिमट्यानं टांगा. तेलाची शाई वाळायला दिवस लागतात, तोवर एकीवर एक ठेवू नका. वाळल्यावर खाली पेन्सिलीनं डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही.