गोलीला धडक बसली की भांडायच्या आधी काय बघायचं

ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्याला आइस हॉकीची, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगची, लागण व्हायला फार वेळ लागत नाही. आमची प्रोसेस कॅनडाची, गाड्यांच्या विम्याचे क्लेम. टोरांटोत संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेचार. म्हणजे शेवटचा ब्रेक, पँट्रीतले पोहे आणि पहिला पिरियड एकाच वेळी. फ्लोअरवर फोन नेता येत नाही, त्यामुळे भांडणंही सगळी पँट्रीतच होतात, आणि सगळ्यात मोठं भांडण कुणी गोलीवर, म्हणजे गोलरक्षकावर, जाऊन आदळलं की होतं. शेजारच्या डेस्कवरचा घणसोलीचा पोरगा टोरांटोचा भक्त. त्यांच्या गोलीला नुसता धक्का लागला तरी तो ओरडतो, "ताई, याला दहा मॅच बसवला पाहिजे!"

असं ओरडायच्या आधी काय तपासायचं, ते लिहिते.

पहिली गोष्ट, प्रश्न एक नाही, तीन आहेत. गोल धरायचा की नाही? रिंकवर पेनल्टी द्यायची की नाही? आणि सामना संपल्यावर खेळाडूला पुढचे सामने बसवायचं की नाही? गोल आणि पेनल्टी आधी रेफ्री ठरवतात, पण गोलचा वाद टोरांटोतल्या लीगच्या सिच्युएशन रूमपर्यंत, म्हणजे रिप्ले तपासणाऱ्या कक्षापर्यंत, जाऊ शकतो. बसवायचं की नाही हे लीगचा प्लेअर सेफ्टी विभाग ठरवतो. त्यामुळे गोल रद्द झाला पण पेनल्टी कुणालाच नाही, असं सर्रास होतं. पेनल्टी दोनच मिनिटांची आणि नंतर काहीच नाही, असंही होतं. क्लेमच्या कामात आम्ही नुकसान किती आणि चूक कुणाची हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहितो, कारण बोनेट किती चेपलंय त्यावरून ब्रेक कुणी मारला नव्हता हे कळत नाही. इथेही तेच करायचं. गोली स्ट्रेचरवरून गेला हे नुकसान झालं. चूक वेगळी शोधावी लागते.

आता क्लिप. पहिल्यांदा पूर्ण वेगात, आवाज बंद करून बघा. स्लो मोशनमध्ये प्रत्येक माणूस ठरवून आल्यासारखाच दिसतो, कारण खेळाडूला प्रत्यक्षात जो वेळ मिळालाच नाही तो आपल्याला पडद्यावर मिळतो. एकदा खऱ्या वेगात पाहून झालं की मग खुशाल हळू करा.

हळू केल्यावर नजर पायांवर ठेवा. थांबायचं असेल तर खेळाडू दोन्ही स्केट आडवे घालतो, पाती बर्फ खरवडतात आणि पांढरा भुगा उडतो. गोलीला चुकवून जायचं असेल तर अंग एका बाजूला कलतं आणि पात्याच्या कडेवर वजन येतं. भुगा नाही, कल नाही, आणि वर शेवटच्या क्षणी आणखी एक ढांग जोरात मारलेली दिसली, तर "थांबता आलं नाही" हे कारण मी तरी ऐकून घेत नाही. पायांनंतर खांदे आणि कोपरं. धडक टळत नाही हे कळलेला माणूस हात अंगाशी ओढून घेतो. ज्याचं कोपर बाहेर येतं किंवा जो खांदा खाली करून पुढे ढकलतो, त्याचा हिशोब वेगळा.

मग त्याच्या मागे कोण आहे ते बघा, कारण लीगच्या नियम ६९ मध्ये, म्हणजे गोलीला अडथळा आणण्याच्या नियमात, हे स्पष्ट आहे. बचाव करणाऱ्यानेच ढकलून किंवा पाडून हल्लेखोराला गोलीवर घातलं असेल, तर धडक हल्लेखोराने केली असं धरत नाहीत. अट एवढीच की त्याने टाळायचा रास्त प्रयत्न केलेला असावा. १७ मे २०१४ ला मॉन्ट्रियलमध्ये ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या पहिल्या सामन्यात न्यूयॉर्क रेंजर्सचा क्रिस क्रायडर गोलकडे एकटा सुटला होता आणि मागून अलेक्सी एमेलिन त्याला गाठत होता. क्रायडर पडला आणि पाय पुढे, असा घसरत कॅरी प्राइसवर गेला. प्राइसच्या गुडघ्याला मार लागला आणि उरलेली मालिका त्याला खेळता आली नाही. क्रायडरवर कारवाई झाली नाही. एमेलिनचा धक्का क्रायडरला पाडण्याइतका होता का, यावर आमच्याकडे एकमत होणं अशक्य आहे. पण वाद घालायचाच तर त्या धक्क्यावर घाला, प्राइसच्या गुडघ्यावर नको.

जागेचा मुद्दा मी मुद्दाम नंतर घेतेय, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. गोल सहा फूट रुंद असतो आणि त्याच्यासमोरची निळी क्रीज आठ फूट. पूर्वी पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आत यायच्या आधी हल्लेखोराचा पाय निळ्यात असेल तर गोल रद्द होई. १९९९ च्या स्टॅनली कप फायनलच्या सहाव्या सामन्यात, तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये, डॅलसच्या ब्रेट हलने बफेलोवर गोल मारला तेव्हा त्याचा स्केट निळ्यात होता. गोल धरला गेला, कप डॅलसला गेला, आणि त्यानंतर लीगने तो नियमच काढून टाकला. आता नुसतं कुठे उभा होता यावरून गोल रद्द होत नाही. गोलीला क्रीजमध्ये मोकळेपणी हलता आलं का, गोल वाचवायची संधी मिळाली का, हे बघतात. धक्का लागल्यावर पक आत जाईपर्यंत गोलीला पुन्हा सावरून उभं राहायला वेळ मिळाला होता का, तेही मोजा. या एका गोष्टीवर पुष्कळ निकाल फिरतात.

उलटी समजूतही तितकीच चूक. गोली पक खेळायला निळ्याच्या बाहेर आला म्हणजे त्याला इतरांसारखं आडवं करायला मोकळीक मिळत नाही. बाहेरही विनाकारण धडक दिली तर पेनल्टी आहे.

चॅलेंजचं थोडक्यात सांगते. २०१५-१६ च्या हंगामापासून कोचला गोलीला अडथळा झाला या कारणावरून गोलचा निर्णय तपासायला सांगता येतो. २०१८ च्या वसंतापासून शेवटचा शब्द सिच्युएशन रूमचा. चॅलेंज फसलं तर संघाला दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं, त्याच सामन्यात पुन्हा फसलं तर चार. तिसऱ्या पिरियडच्या शेवटच्या मिनिटात आणि ओव्हरटाइममध्ये कोचला विचारत नाहीत, लीगच तपासते. हा झाला गोलचा वाद. पेनल्टीचं तपासणं निराळं: पाच मिनिटांची मेजर (मारामारीची सोडून) दिली की रेफ्री स्वतः रिप्ले बघतात आणि वाटलं तर ती दोन मिनिटांवर आणतात.

आता बसवायचा प्रश्न. यासाठी एकच जोडी पुरते, आणि दोन्हींत गोली एकच, बफेलोचा रायन मिलर. १२ नोव्हेंबर २०११, बॉस्टन. मिलर पकसाठी क्रीज सोडून बराच पुढे आला आणि मिलान लुचिचने त्याला उडवलं. रिंकवर दोन मिनिटांची पेनल्टी, चार्जिंगची, म्हणजे वेगाने येऊन आदळल्याची. मिलरच्या डोक्याला मार बसला. प्लेअर सेफ्टी विभाग तेव्हा नवा होता, प्रमुख ब्रेंडन शॅनहॅन. त्याने लुचिचची हिअरिंग घेतली आणि सस्पेन्शन दिलं नाही. ३ डिसेंबरला नॅशव्हिलचा जॉर्डन टूटू मिलरवर आदळला. या वेळी मेजर, सामन्यातून बाहेर, आणि नंतर दोन सामन्यांचं सस्पेन्शन. तीन आठवड्यांत दोन टोकं. मी दोन्ही क्लिप एकापाठोपाठ बघितल्या की लुचिचलाही निदान दोन सामने बसवायला हवं होतं असंच म्हणते. त्याला समोरचं सगळं दिसत होतं आणि वळायला जागाही होती. तुम्हीही आधी पाय बघा, मग माझ्याशी भांडा.

आमच्या टोरांटोवाल्याचं दुखणं ताजं आहे. मे २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीच्या पहिल्या सामन्यात फ्लोरिडाच्या सॅम बेनेटचा हात गोली अँथनी स्टोलार्झच्या डोक्याला लागला. स्टोलार्झला सामना सोडून हॉस्पिटलमध्ये जावं लागलं. पेनल्टी नाही, नंतर कारवाई नाही. त्या सकाळी पोरगा पोहे न खाता गेला. त्याला मी म्हटलं, तुझा राग दोन रकान्यांत लिही. रिंकवर पेनल्टी द्यायला हवी होती, हे मला मान्य. दहा सामन्यांचं मला पटवून दे.

लीग काय करणार याचा अंदाज बांधायचा असेल तर हिअरिंगची बातमी नीट वाचा. हिअरिंग फोनवर असेल तर जास्तीत जास्त पाच सामने. खेळाडूला समक्ष हिअरिंगची संधी दिली असेल तर सहा किंवा त्याहून जास्त देण्याचा दरवाजा उघडा आहे. हिअरिंग नाहीच तर फार तर दंड. सस्पेन्शन झालं की विभाग कारणांसह व्हिडिओ काढतो. २०१७ पासून प्रमुख जॉर्ज पॅरोस आहेत, मोठ्या मिशांचे, स्वतः खेळत असताना मारामारीसाठीच नावाजलेले. व्हिडिओत आधी कुठला नियम मोडला ते येतं. दुखापत आणि जुने गुन्हे नंतर येतात, शिक्षा किती हे ठरवताना. कापलेला पगार लीगच्या खिशात जात नाही, खेळाडूंच्या आपत्कालीन मदत निधीत जातो.

पँट्रीत पैज लावणार असाल तर तिन्ही प्रश्नांवर वेगवेगळी लावा, एका प्रश्नाला एक कटिंग. चिठ्ठीवर उत्तर लिहून ती हिअरिंगची बातमी यायच्या आधी टीम लीडरकडे द्यायची. अपिलाची सबब चालणार नाही. खेळाडू आधी कमिशनरकडे अपील करतो, शिक्षा सहा सामन्यांची किंवा जास्त असेल तर पुढे तटस्थ लवादाकडे, आणि तोवर गेटबाहेरच्या टपरीवाल्याची उधारी कोण ठेवणार? पहिल्या निकालावरच चहा पाजायचा.