कर्ज फेडताना घोडा आणि घरची जनावरे कशी सांभाळावीत

कर्ज फेडण्याचा निश्चय करून खर्चाची वही उघडली, की घोडा आणि घरातले कुत्रे-मांजर यांच्यापुढचे आकडे सर्वांत आधी डोळ्यांत भरतात, आणि जवळची माणसेही पहिला सल्ला देतात तो जनावरे देऊन टाकण्याचा. कधीकधी तो सल्ला योग्यच असतो आणि त्याविषयी शेवटी लिहिले आहे. परंतु या खर्चाचा बराचसा भाग जनावराच्या पोटात जातच नाही. तो पायदळी तुडवला जातो, ओल लागून कुजतो, अंदाजाने जास्त घातला जातो किंवा मालकाच्या हौसेवर जातो. काटकसर तिथून सुरू करावी, कारण कर्ज आपण काढलेले आहे आणि त्याची झळ मुक्या जिवाच्या चाऱ्याला किंवा औषधाला लागता कामा नये.

त्यासाठी मागच्या बारा महिन्यांचा खर्च तीन रकान्यांत मांडावा. पहिल्या रकान्यात जनावराच्या शरीराला जे लागते ते लिहावे: चारा, मीठ, खुरांची निगा, लसी, जंतांवरचे औषध, दुखण्यावरचे उपचार. दुसऱ्यात पैसे देऊन करून घेतलेली, पण स्वतःला जमण्यासारखी कामे येतात. तबेल्याची सफाई, खरारा, कुत्र्याला अंघोळ घालणे, नखे कापणे, फिरवून आणणे ही त्यातली नेहमीची. तिसऱ्यात ज्याचा आनंद फक्त आपल्याला होतो ते लिहावे: दुसरे खोगीर, नवी झूल, स्पर्धांची प्रवेश शुल्के, कुत्र्याचे शोभेचे कपडे. तिसरा रकाना कर्ज फिटेपर्यंत बंद करावा, दुसरा हळूहळू स्वतःच्या अंगावर घ्यावा आणि पहिल्याला हात लावू नये, तिथे फक्त नासाडी थांबवावी. कर्ज फिटेपर्यंत नवे जनावर घरी आणायचे नाही, फुकट मिळाले तरी नाही, हेही याच वेळी ठरवून टाकावे.

सर्व कर्जांचे किमान हप्ते वेळेवर भरल्यानंतर जी रक्कम उरते, ती सगळीच्या सगळी ताबडतोब कर्जाकडे वळवण्याचा मोह होतो, पण ज्याच्याकडे जनावरे आहेत त्याने तसे करू नये. आधी पशुवैद्यासाठी वेगळी शिल्लक उभी करावी. मध्यरात्री घोड्याला पोटशूळ उठला आणि हाताशी पैसा नसला, तर ते बिल क्रेडिट कार्डावर जाते आणि सहा महिन्यांत कमी केलेले कर्ज एका रात्रीत पूर्ववत होते. शिल्लक किती असावी हे ठरवायला आपल्याच पशुवैद्याला विचारावे की अवेळी घरी येण्याचे शुल्क किती, पोटशुळावर औषधोपचार केल्यास साधारण किती लागतात आणि कुत्र्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली तर किती. त्यांतला मोठा आकडा हे आपले पहिले उद्दिष्ट. ते गाठल्यावर उरलेली रक्कम सर्वाधिक व्याजदराच्या कर्जाकडे वळवावी. लसी, दात, विमा, चाऱ्याची मोठी खरेदी हे वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून दरमहा बाजूला काढले, की ते अचानक अंगावर येत नाहीत.

आणखी एक निर्णय शांत डोक्याने आधीच घेऊन कागदावर लिहून ठेवावा: घोड्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर आपण ती करणार आहोत का? घोड्याचे वय, बरे होण्याची शक्यता आणि खर्च यांविषयी पशुवैद्याशी बोलून हे ठरवता येते. जनावर वेदनेने लोळत असताना हा विचार नीट करता येत नाही, आणि त्या घाईत घेतलेले कर्ज पुढे कित्येक वर्षे फेडावे लागते.

वजन, चारा आणि चंदी

घोड्याच्या खर्चात सगळ्यात जास्त वाव चाऱ्यात असतो आणि त्याची सुरुवात मोजपट्टीने होते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजावा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ११,८८० ने भागावे, म्हणजे किलोग्रॅममध्ये अंदाजे वजन मिळते. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर वजन ४५० किलो येते. प्रौढ घोड्याला शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के इतका कोरडा चारा रोज लागतो. म्हणजे या घोड्याला चरायला कुरण नसेल, तर साधारण ९ किलो वाळलेले गवत. महिन्याला ते २७० किलो आणि १८० दिवसांना १,६२० किलो होते. हा आकडा हातात असला, की हंगामात गवत स्वस्त असताना नेमके किती घ्यायचे हे कळते आणि टंचाईत चढ्या भावाने घेण्याची वेळ येत नाही. मात्र साठवण्याची जागा कोरडी हवी आणि गठ्ठे जमिनीपासून उंच, फळ्यांवर रचलेले हवेत. बुरशी लागलेले गवत कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. खोकला, श्वासाचा विकार आणि पोटशूळ या रूपाने त्याची किंमत नंतर वसूल होते.

घातलेले गवत पोटात किती जाते, हा यापुढचा प्रश्न. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी गोल गठ्ठ्यांची चाचणी घेतली, तेव्हा गव्हाण किंवा जाळी न वापरता नुसता जमिनीवर ठेवलेल्या गठ्ठ्यातले ५७ टक्के गवत वाया गेले, तर वेगवेगळ्या प्रकारच्या गव्हाणींमध्ये ही नासाडी ५ ते ३३ टक्के इतकी होती. माझ्या मते तबेल्यात पैसे घालून घ्यावी अशी पहिली वस्तू म्हणजे बारीक भोकांची जाळी आणि ती अडकवायचा साधा ताणकाटा. जाळीत गवत भरून काट्याला लावले, की रोजचे वजन आपोआप होते, घोडा सावकाश खातो आणि त्याचे तोंड दिवसाचा बराच वेळ चालू राहते, जे त्याच्या पोटाच्या दृष्टीनेही चांगले. नाल मारलेल्या घोड्याचा पाय जाळीत अडकू शकतो, म्हणून त्याची जाळी उंच बांधावी.

चंदीच्या, म्हणजे चाऱ्याशिवाय घालायच्या दाण्याच्या, बाबतीत आपण बहुतेक जण सवयीने वागतो. जो घोडा हलके काम करतो किंवा नुसता चरतो, त्याला चांगल्या चाऱ्याबरोबर मीठ आणि खनिजांचे पूरक मिश्रण एवढे बहुधा पुरते; तोबरा भरून दाणा घालणे हा तिथे खर्चही असतो आणि लठ्ठपणाला आमंत्रणही. खरी गरज ओळखण्यासाठी १९८३ मध्ये हेनेके यांनी मांडलेली १ ते ९ गुणांची अंगस्थितीची मोजणी उपयोगी पडते. मान, पाठ, फासळ्या, खांद्यामागचा भाग आणि शेपटीचे मूळ यांवर हात फिरवून गुण द्यायचे असतात. ५ गुणांच्या आसपासच्या घोड्याच्या फासळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. दर पंधरवड्याला हे तपासून वहीत लिहावे आणि त्याप्रमाणे चंदी कमी-अधिक करावी, मात्र कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. चंदी डब्याच्या मापाने न घालता वजनावर घालावी, कारण तोच डबा ओट्सने भरला तर एक वजन भरते आणि मक्याने भरला तर बरेच जास्त.

खूर, जंत आणि लीद

खुरांची छाटणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी व्हायला हवी. ती पुढे ढकलून वाचवलेला पैसा लंगडेपणाच्या उपचारात जातो. त्याऐवजी नालबंदालाच विचारावे की या घोड्याला नालांची गरज आहे का. मऊ जमिनीवर हलके काम करणाऱ्या अनेक घोड्यांना नुसती छाटणी पुरते आणि तिचा खर्च नालांच्या मानाने पुष्कळ कमी असतो. जवळपासच्या घोडेमालकांनी मिळून नालबंद आणि पशुवैद्य यांना एकाच दिवशी बोलावले, तर येण्याजाण्याचे शुल्क वाटले जाते.

ठरावीक महिन्यांनी सरसकट जंतांचे औषध पाजण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. लिदीच्या नमुन्यातली जंतांची अंडी मोजून घेतली आणि एका ग्रॅममध्ये ती २०० पेक्षा कमी निघाली, तर त्या प्रौढ घोड्याला प्रत्येक वेळी औषधाची गरज नसते; शिवाय औषधे कमी वापरली, की जंतांमध्ये प्रतिकारशक्तीही उशिरा तयार होते. पट्टकृमी आणि आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या या मोजणीत कळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वर्षातून केव्हा आणि कोणते औषध द्यायचे हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. शिंगरांना हा नियम लागू नाही. कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलणे हा जंतांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तीच लीद ढिगात नीट कुजवून बागकाम करणाऱ्यांना दिली, की ती वाहून नेण्याचा खर्च वाचतो.

सर्वांत मोठी बचत मात्र घोडा वाटून घेण्यात आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस दुसऱ्या विश्वासू स्वाराने घोडा वापरायचा आणि त्या प्रमाणात खर्च किंवा काम उचलायचे, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी चालते. ती तोंडी ठेवू नये. आजारपणाचे बिल कोण भरणार, अपघाताची जबाबदारी आणि विमा कोणाचा, व्यवस्था मोडायची असल्यास किती दिवस आधी कळवायचे, हे सर्व लिहून दोघांनी सही करावी. तबेल्याच्या भाड्याऐवजी तिथे काम करण्याचा पर्यायही चांगला आहे, परंतु त्यात जाणारे तास मोजावेत; तेवढ्या तासांत बाहेर भाड्याहून अधिक कमाई होत असेल, तर ती बचत नव्हे.

कुत्री आणि मांजरे

इथेही वजनकाटाच कामाला येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे आणि दुसऱ्यांचे ११.२ वर्षे निघाले. याचा अर्थ सडपातळ किंवा वाढत्या कुत्र्याला उपाशी ठेवावे असा मुळीच नाही. पण आपले जनावर लठ्ठ असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने खाणे मोजून कमी करण्यात पैसा आणि आयुष्य दोन्ही वाचते. पिशवीच्या किमतीवर न जाता रोजचा खर्च काढावा, कारण स्वस्त खाद्य पोषणाला हलके असेल तर ते जास्त घालावे लागते. वरचा खाऊ रोजच्या उष्मांकांच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा.

सगळे घरीच शिजवून पैसे वाचवण्याचा विचार मात्र जपून करावा. २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक पोषणद्रव्य कमी पडत होते. मांजराला कुत्र्याचे खाद्य कायमचे देऊन चालत नाही, कारण त्याला लागणारे टॉरिन हे पोषणद्रव्य त्यात पुरेसे असेलच असे नाही. माणसांच्या गोळ्या देऊन पशुवैद्याची फेरी वाचवणे तर जिवावर बेतते: पॅरासिटामॉल मांजराला मारक आहे, आयबुप्रोफेन कुत्र्यालाही घातक आहे आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला लावल्यास त्याचा जीव जाऊ शकतो.

लसींवर काटकसर करू नये, पण वेळापत्रक समजून घ्यावे. कुत्र्याच्या डिस्टेंपर आणि पार्व्हो यांसारख्या मुख्य लसी पहिला क्रम आणि नंतरची वर्धक मात्रा पूर्ण झाल्यावर बहुधा दर तीन वर्षांनी दिल्या तरी पुरतात. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी लागते, आणि रेबीजचा नियम जिथे राहतो तिथल्या कायद्याप्रमाणे पाळावा. रोज दात घासण्याची सवय लावली, तर पुढे भूल देऊन करावी लागणारी दातांची सफाई लांबते.

पशुवैद्याशी बोलताना

कर्ज फेडत असल्याचे पशुवैद्याला सुरुवातीलाच सांगावे. त्यात कमीपणा काही नाही. तपासणीपूर्वी लेखी अंदाज मागावा आणि विचारावे की यातले आज काय केलेच पाहिजे, काय थांबू शकते आणि या चाचणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का. हप्त्यांची सोय हवी असेल तर ती उपचारापूर्वी ठरवावी. पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालये आणि प्राणिकल्याण संस्था यांची चौकशी संकट येण्याआधीच करून ठेवावी.

साधा थर्मामीटर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ जवळ ठेवून निरोगी असतानाचे आकडे लिहून ठेवले, की फोनवर नेमके सांगता येते. विश्रांतीत प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. पोटशुळाची लक्षणे दिसली, किंवा बोका वारंवार लघवीला बसूनही लघवी होत नसेल, तर खर्चाचा विचार न करता लगेच फोन करावा. हीच वेळ त्या वेगळ्या शिल्लकीची.

इतके करूनही चारा उधारीवर येऊ लागला, छाटणीच्या तारखा चुकू लागल्या आणि शिल्लक कधी भरतच नाही असे दिसले, तर निर्णय हातात थोडा पैसा असतानाच घ्यावा. तेव्हा चांगले घर शोधायला दोन-तीन महिने मिळतात, घोडा आधी काही काळ कराराने वापरायला देऊन नवा माणूस पारखता येतो, आणि पुढे तो कधी विकावा लागला तर आधी आपल्याला विचारावे हे कागदावर घेता येते. म्हाताऱ्या, कायम लंगड्या किंवा आजारी घोड्याला मात्र चांगले घर क्वचितच मिळते, आणि फुकट दिलेले असे जनावर हातोहात फिरत कुठे पोहोचेल याची खात्री नसते. अशा घोड्याला वेदना आवरत नसतील, तर पशुवैद्याच्या हातून, त्याच्या ओळखीच्या जागी, आपण जवळ उभे राहून शांत मरण देणे ही शेवटची सेवा आहे असे मी मानतो. त्याचा आणि नंतरच्या विल्हेवाटीचा खर्च आजच विचारून वहीच्या पहिल्या रकान्यात लिहून ठेवावा.