एकटं मूल आणि त्याचं जनावर: घरच्यांनी या चुका टाळा

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात शाळेच्या गणवेशातली मुलं पिल्लू छातीशी धरून एकटीच येतात. घरी कोण आहे विचारलं की उत्तरं साधारण तीच असतात. पप्पा गोव्याला, मम्मी कामावर, आज्जीचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. पिल्लाचं दुखणं मात्र ही मुलं बारकाईनं सांगतात. कधीपासून खात नाही, रात्री किती वेळा उठलं, शी कशी झाली. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून ज्याच्याबद्दल शिक्षक तक्रार करतात, ते पोरगंही कुत्र्याबद्दल बोलायला लागलं की थांबत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरं रिकामी का पडतात हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळ्या असतात. वडगाव-शहापुरात माग घरातच असतो, पण मागावर बसलेली आई घरात असूनही मुलाला मिळत नाही. खानापूरकडची कितीतरी माणसं गोव्यात कामाला आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात असल्यानं फौजेत गेलेला बाप तर गल्लीगल्लीत आहे. यात भर म्हणजे मराठीत वाढलेलं मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतं आणि पहिली काही वर्षं चुकायच्या भीतीनं गप्प राहतं. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला जिच्यासमोर चुकायची भीती नाही अशी एकच सोबत असते. अंगणातलं कुत्रं, चुलीजवळची मनी, नाहीतर गोठ्यातलं करडू.

ही सोबत खरी आहे आणि चांगली आहे. तिच्याभोवती घरच्यांकडून ज्या चुका होतात, त्यांबद्दल लिहिते आहे. काहींमुळे मुलाचा जीवसुद्धा जाऊ शकतो.

वेळ देता येत नाही म्हणून पिल्लू आणून देणं

ही चूक प्रेमापोटीच होते. बाप सुट्टी संपवून निघताना पिल्लू आणून देतो, "आता तुला सोबत झाली की" म्हणतो आणि जातो. पिल्लू बहुतेक वेळा महिन्याभराचंच असतं. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू वारंवार आजारी पडतं. चावताना किती जोर लावायचा हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं, तेही राहून जातं. मग ते मुलाच्या हातापायाला दात लावतं, घरातले वैतागतात, साखळी येते. आठ वर्षांचं मूल आणि साखळीला बांधलेलं पिल्लू, दोघंही दिवसभर वाट बघत बसतात.

जात निवडतानाही विचार होत नाही. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ कुत्रं दिसायला देखणं, पोस्टाच्या तिकिटावर आलेलं, म्हणून हौसेनं आणतात. ते धावणारं शिकारी कुत्रं आहे. दोन खोल्यांच्या घरात आणि मुलाच्या हातातल्या दोरीला ते पुरं पडत नाही. गल्लीतलं साधं गावठी पिल्लू बरं.

आणायचंच असेल तर त्याचं खाणं, लस आणि दवाखाना घरातलं कुठलं मोठं माणूस बघणार, हे आधी ठरवा. मुलानं पाण्याचं भांडं भरावं, अंग विंचरावं, बरोबर फिरावं. त्यापुढची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. नाहीतर जनावर दगावलं की मुलाला वाटतं, माझ्यामुळं मेलं. हे ओझं कुणी उतरवत नाही, कारण ते मुलाच्या मनावर आहे हे कुणाला माहीतच नसतं.

"मार्क कमी पडले तर त्याला सोडून येतो"

ही धमकी मी सर्रास ऐकते आणि काही घरांत ती खरीही होते. मांजराला पोत्यात घालून बाजारात सोडतात, कुत्र्याला गाडीवरून नदीपलीकडच्या गावात टाकून येतात. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण मुलाच्या बाजूनं बघितलं तर कायद्याची बाब लहान ठरते. आधीच ज्याचा बाप लांब आहे, आई हाताला लागत नाही, त्याला घरच्यांनी शिकवलेलं असतं की आवडतं माणूस किंवा जनावर कधीही नाहीसं होऊ शकतं. या धमकीनं तेच पक्कं होतं. अभ्यास तर होत नाहीच. मूल लपवायला शिकतं.

चावलेलं लपवलं जातं, आणि ते कळतही नाही

लपवण्याची सवय सगळ्यात महाग पडते ती इथं. पिल्लाचा दात लागला किंवा मांजरानं ओरबाडलं, तर मूल घरी सांगत नाही. सांगितलं तर जनावराला सोडून येतील, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बाही ओढून ते जखम झाकतं. माझ्यासमोर कुत्र्याला लस टोचताना मुलाच्या मनगटावरच्या जुन्या खुणा दिसतात, तेव्हा पोटात गोळा येतो.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर उपचार झाले तर तो टाळता येतो. म्हणून घरात आजच हे वाक्य मोठ्यानं बोला: "चावलं तर लगेच सांग, आम्ही मोत्याला कुठं सोडणार नाही." आणि शब्द पाळा.

दात लागला, ओरखडा उठला, जखमेवर किंवा तोंडाच्या आत लाळ लागली, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट, तंबाखू, कुणी दिलेला पाला, यातलं काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं कातडीत देतात त्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28 असे असतात, दंडात देतात तिचे 0, 3, 7, 14 आणि 28. आता पोटात चौदा सुया टोचत नाहीत, आज्जी-आजोबांची ती भीती काढून टाका. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. तालुक्याला ते नसेल तर जिल्हा रुग्णालयात जायचं, थांबायचं नाही. कुत्रं घरचं आहे, पिल्लू आहे, बरं दिसतं आहे, म्हणून पहिला डोस टाळू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतंच, पण लस सुरू करून.

कुत्र्यालाही तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि नंतर दर वर्षी. जंताचं औषध वेगळं. ते पिल्लासोबत मुलाच्याही पोटासाठी महत्त्वाचं आहे, कारण पिल्लाच्या शीतले जंत खेळता खेळता मुलाच्या हाताला लागतात.

आणखी एक. चावणारं कुत्रं बहुतेक वेळा आधी सांगतं. तोंड फिरवतं, ओठ चाटतं, जांभई देतं, अंग ताठ करतं, डोळ्याच्या कडेनं बघतं. एकटं मूल गळ्यात पडून तासन् तास बसतं तेव्हा या खुणा त्याला दिसत नाहीत. मोठ्यांनी शेजारी बसून दाखवाव्या लागतात. खाताना आणि झोपलेलं असताना कुत्र्याला, आणि पिलांजवळ असताना कुत्रीला हात लावायचा नाही, हेही.

पाळलेलं करडू आणि गावची यात्रा

हे लिहायला जड जातं, पण आपल्या भागात लिहायलाच हवं. कर्नाटकी बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, मुलं मातीचे बैल करतात. याच अंगणात शेळ्या आहेत आणि त्या घराचा चरितार्थ आहेत. करडाची आई मेली किंवा दूध आटलं, तर बाटलीनं दूध पाजायचं काम मुलाकडं येतं. तो त्याला नाव ठेवतो, शाळेतून आल्यावर चारायला नेतो, पावसात घरात घेतो. दोन-तीन वर्षं जातात. मग काही वर्षांच्या अंतरानं भरणारी गावची लक्ष्मी यात्रा येते, पैपाहुणे येतात, आणि बोकड जातो. मुलाला त्या दिवशी मामाच्या गावी पाठवलेलं असतं. परत आल्यावर "पळून गेला" असं सांगतात. पण गल्लीतल्या पोरांकडून त्याला सगळं कळलेलं असतं.

शेळ्या पाळू नका किंवा यात्रेला मटण करू नका, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जे जनावर विकायचं किंवा कापायचं आहे, ते एकट्या मुलाच्या स्वाधीन करू नका. करावंच लागलं तर पहिल्या दिवशी सांगा. "हा बोकड आहे बाळा, मोठा झाला की बाजारात जाणार." मूल तरीही माया लावेल, पण विश्वासघात झाला असं त्याला वाटणार नाही. आणि मूल पार गुंतलं आहे असं दिसलं, तर त्या एका बोकडाला बाजूला ठेवून दुसरा घ्या. हे करणारी घरं मी पाहिली आहेत. खर्च होतो, होऊ दे.

मेलेल्या कुत्र्या-मांजराबद्दलही खोटं सांगू नका. "गावाला गेलं" सांगितलेलं मूल दर संध्याकाळी नाक्यावर जाऊन हाका मारत बसतं. मेलं म्हणून सांगा, जमलं तर त्याच्या हातून माती घाला, रडू द्या. दुसऱ्या दिवशी नवीन पिल्लू आणू नका.

पोपट आणि कासव

लहानशी पण नेहमीची चूक. मुलाला विरंगुळा म्हणून पिंजऱ्यातला हिरवा पोपट किंवा टबात कासव आणतात. आपले रानातले पोपट आणि चांदण्यांचं कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे. आणि एकट्या मुलाला दिवसभर बघायला पिंजरा द्यावा, हे मला मुळातच पटत नाही.

"सारखा काय त्या कुत्र्याशी बोलतोस?"

थट्टा करू नका. मूल कुत्र्याला जे सांगतं, ते तुम्हाला सांगायचं राहिलेलं असतं. "आज पण पप्पांचा फोन नाही आला की रे," असं मोत्याच्या कानात बोललेलं वाक्य दारातून ऐकलं, तर मुलावर ओरडण्याऐवजी फोन लावा.

अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे येणारा, माणसांपासून तुटलेला एक मुलगा त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळा झाला. 1960 च्या दशकात त्यांनी यावर लिहिलं आणि जनावरांच्या मदतीनं उपचार करण्याच्या विचाराला तिथून चालना मिळाली. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या खोलीत कुत्र्याबरोबर एक मोठं माणूसही बसलेलं होतं. कुत्र्यानं दार उघडलं, पण आत येऊन मुलाचं ऐकणारं माणूस होतं.

आपल्या घरात हे जमवायला फार काही लागत नाही. लांब असलेल्या बापानं फोनवर "अभ्यास झाला काय?" विचारलं की मूल "हं" म्हणतं आणि फोन आईकडं देतं. त्याऐवजी "मोत्या जेवला काय? आज कुणावर भुंकला?" असं विचारून बघा. मूल सांगत सुटेल, आणि मोत्याच्या गोष्टीत शाळा, गल्ली, भांडण, भीती सगळं आपोआप येईल. पाळीवरून आलेल्या आईनं रोज थोडा वेळ मुलाबरोबर कुत्र्याला फिरवून आणावं, फोन घरी ठेवून. आज्जीला चालता येत नसेल तर मनीच्या अंगावरच्या गोचिडा काढायला तिला आणि नातवाला एकत्र बसवा. आज्जीही दिवसभर एकटीच असते, हे आपण विसरतो.

नुसता एकटेपणा नाही, हे कधी ओळखायचं

मूल आपल्या ताटातलं सगळंच कुत्र्याला घालून स्वतः उपाशी राहत असेल, जनावराला सोडून शाळेतच जायला तयार नसेल, किंवा पूर्वी खेळणारं मूल आता फक्त गोठ्यात जाऊन बसत असेल, तर थांबू नका. आणि मूल जनावराला मुद्दाम मारत असेल, शेपटी पिळत असेल, चटके देत असेल, तर आधी जनावर बाजूला घ्या आणि मुलाला मारू नका. अशा वेळी पहिला प्रश्न हा, की याला कोण मारतं आहे? घरात, शिकवणीत, शेजारी. लहान मुलं अनेकदा आपल्यावर झालेलं जनावरावर करतात. वर्गशिक्षकांशी बोला, अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना सांगा. मुलावर अत्याचार किंवा फार दुर्लक्ष होत असेल, तर 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर शेजारीसुद्धा फोन करू शकतात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. कन्नड येत नाही म्हणून फोन करायचं टाळू नका, मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा.