हॉइस्ट घेताय? आधी हेडरूम मोजा

हॉइस्ट म्हणजे बीमला टांगून जड माल उचलायचं यंत्र. उचलायचं वजन सगळेच बघतात, ते सांगायला मी नको. फक्त स्लिंग (माल हुकाला अडकवायचा पट्टा किंवा दोर) आणि क्लॅम्पचं (पकडीचं) वजनही त्यातच धरा.

आता हेडरूम. मागच्या वेळी मी सगळं विचारलं आणि नेमकं हेच राहिलं. हूक पुरता वर गेल्यावर बीमच्या बुडापासून हुकाच्या खोबणीपर्यंत जेवढी जागा जाते, ते हेडरूम. पत्रकात ‘लिफ्ट 3 मीटर’ वाचून मी खूश. पण ती हुकाची वरखाली चाल. तुमच्या छताखाली ती पुरी मिळेल असं कुणीच म्हटलेलं नसतं. आमच्या बीमचं बूड 3000 मिमीवर. ट्रॉलीसकट (बीमवरून हॉइस्ट सरकवणारी चाकांची गाडी) हेडरूम 500, स्लिंग 700, जॉब (उचलायचा नग) 800. म्हणजे जॉबचं बूड 1000 वर अडलं, आणि मशीनचा बेड 1100 वर! 100 मिमीपायी कोरा हॉइस्ट नुसता लटकत राहिला. हेडरूम विचारा, आणि ट्रॉली धरून विचारा. पत्रकात कधी कधी ट्रॉली सोडून दिलेलं असतं.

मग कुणीतरी म्हणतंच, ‘स्लिंग आखूड करू.’ नको! स्लिंगचे पाय फाकतात. दोन पायांत 120 अंशांचा कोन झाला की एकेका पायावर अख्ख्या जॉबएवढा ताण येतो.

दिवसातून दोन-चारदाच उचलायचं असेल तर हाताने साखळी ओढायची चेन कुप्पी पुरे. सतत काम असेल तर विजेचा घ्या, पण ड्यूटी, म्हणजे मोटर किती वेळ चालवता येते ते वाचा. 25 टक्के असेल तर दहा मिनिटांत मोटर अडीच मिनिटंच चालवायची. अर्थात हे सगळं हेडरूम जुळल्यावर.

बीमला किती भार झेपतो ते इंजिनिअरला विचारा. हॉइस्ट आणि ट्रॉलीचं वजन मिळवून.

तीन फेजचा हॉइस्ट जोडला की आधी रिकामा हूक चालवा. ‘वर’ दाबून खाली गेला तर फेज उलटी लागलीय. पेंडंटमधल्या (हातातल्या बटणांच्या डबीतल्या) वायरी बदलून वेळ मारून नेऊ नका, फेजच बदला. नाहीतर हूक वर धडकेल आणि हूक टोकाला पोचला की मोटर थांबवणारा लिमिट स्विच भलत्याच दिशेला पहारा देत बसेल.

रोज हुकाचं लॅच (तोंडावरची पट्टी) आणि साखळीचा पीळ बघा. जॉब वीतभर उचलून ब्रेक धरतो का बघा. तिरकं ओढणं नाही, खाली माणूस नाही, हुकाला लोंबकळणं तर नाहीच. साखळीला तेल, ब्रेकला नाही.

आणि ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन पुन्हा शिडी चढा. बीमच्या बुडापासून मोजा, माथ्यापासून नाही.