खाडीतले पक्षी एकाच चित्रात: मापाचा मेळ कसा घालावा

ऐरोलीच्या खाडीवरचं चित्र बिघडतं ते बहुधा फोटोंमुळे. रोहित (फ्लेमिंगो) एका फोटोतला, शेकाट्या हा लांब पायांचा छोटा पक्षी दुसऱ्यातला, दोघेही कागदावर सारखेच मोठे. म्हणून पक्षी काढण्याआधी क्षितिजाची रेघ ओढा. तीच तुमची मोजपट्टी.

ओहोटीच्या सपाट चिखलावर तुम्ही उभे आहात आणि डोळे जमिनीपासून १५० सेंमीवर आहेत असं धरा. मग जवळ असो वा लांब, प्रत्येक पक्ष्याच्या पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागचे १५० सेंमी. रोहिताच्या छोटा आणि मोठा अशा दोन जाती; त्यातला छोटा रोहित ९० सेंमी धरला, तर त्याची उंची या अंतराच्या सहादशांश. कागदावर पाय क्षितिजाखाली १० सेंमीवर टेकवलेत तर तो ६ सेंमी, ४ सेंमीवर टेकवलेत तर २.४ सेंमी. शेकाट्या ३६ सेंमी धरा. १० सेंमीवर तोही २.४ सेंमीच येतो. म्हणजे जवळचा शेकाट्या आणि लांबचा रोहित कागदावर एकाच उंचीचे असू शकतात, आणि दोघेही बरोबर असतात. फरक पायांच्या जागेत.

मोठा रोहित १३५ सेंमी धरला तरी त्याचं डोकं क्षितिजाखालीच राहतं. वर गेलं की तो राक्षसी दिसतो. होडीत बसून पाहिलंत आणि डोळे पाण्यापासून १२० सेंमीवर असले, तर मात्र मान उंचावलेल्या मोठ्या रोहिताचं डोकं क्षितिज ओलांडतं. बांधावर उभ्या पक्ष्याला हा हिशेब लागू नाही.

मोठा रोहित लहान काढला की छोटा होत नाही, लांबचा वाटतो. चोच बदला: मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी, छोट्याची गडद, लांबून काळीच भासणारी.

पाण्यातल्या पक्ष्यात चूक हमखास होते. पाय बुडाले म्हणून अंग आखूड करू नका. माप पाण्याच्या रेषेपासून घ्या आणि बुडालेला भाग उंचीतून वजा करा: ९० सेंमीचा रोहित २० सेंमी पाण्यात असेल तर वर ७० उरतात.

पक्ष्यांच्या पुस्तकातली लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची असते, उभी उंची नव्हे. छोट्या बगळ्याचे ५५ ते ६५ सेंमी मान ताणलेली धरून आहेत; मान आवळून बसला की तो बराच बुटका होतो.